मडगार्डावरचा हात

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या बायपासला झोप नसते. माजलगावच्या भोवतीच्या कारखान्यांचे भोंगे सुरू झालेले असतात, उसानं लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत निघालेले असतात, आणि त्यांच्या मधूनच बँडवाल्यांचा टेम्पो वाट काढत असतो. हवेत मळीचा आंबूस वास. बाहेरच्या माणसाला तो सोसत नाही. मला मात्र त्या वासाच्या मागून आणखी एक वास येतो, गोडसर, नाकात चढणारा, फायबर जोडायच्या चिकट रेझीनचा. आणि तो आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवायचं नव्हे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तेव्हा जे दुखतं, ते हे.

पंधरा दिवसांपूर्वी तर ते दुखणं चार चाकांवर बसून थेट दारात आलं. दिंद्रुडचा लिंबाजी मंडपवाला त्याची नवरदेवाची गाडी घेऊन आला. जुन्या काळच्या साहेबी मोटारीसारखी लांब नाकाची, वरून उघडी, पांढरी गाडी. अंगावरचं सगळं फायबरचं, आतलं सगळं एका म्हाताऱ्या जीपचं. दाराच्या कडीत सुकलेला झेंडू अडकलेला, सीटच्या फटीत अक्षता, आणि पुढचं डावं मडगार्ड फुटलेलं.

"पोरं चढून नाचली बे मडगार्डावर," लिंबाजी म्हणाला. "नवरदेवाचे दोस्त. काय बोलणार त्यान्ला? नीट करून दे. पुढल्या आठवड्यात सुपारी हाय."

सुपारी म्हणजे ठरलेली वरात. मी मान हलवली आणि मडगार्डावर हात ठेवला. सकाळची वेळ, गार लागलं. ह्याच मडगार्डापाशी उभं राहून मी एक अख्खा हंगाम जळत काढलाय, आणि ज्याच्यावर जळलो ते माणूस माझ्या घरातच होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पत्र्याचे माणूस. पंचक्रोशीत कुणाची जीप झाडाला धडको की ट्रॅक्टरचं बोनेट चेपो, ते आमच्याच शेडमध्ये यायचं. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा, आणि तोंडात पत्र्याला द्यायच्या शिव्या. त्यांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. माझ्याशी ते बोटांनी बोलायचे. हे आण, ते ठेव, बाजूला सर. मला त्याची इतकी सवय होती की आबा कधी नावानं हाक मारायचे तेव्हा मी दचकायचो.

आणि शेडचा एक रिवाज होता. गाडी घासून तयार झाली, फवाऱ्याच्या गनमध्ये रंग भरला, की सगळ्यांनी बाजूला व्हायचं. आबा हात धुऊन, कोरडे करून यायचे, डोळे मिटायचे आणि गाडीभर तळहात फिरवायचे. घासलेला प्रायमर मंद असतो, डोळ्याला सगळं सपाट दिसतं. खळगा कुठं, फुगवटा कुठं, ते तळहातालाच कळतं. तेव्हा सुटलं तर रंगाची चमक आल्यावर ते जगाला दिसतं, मग डोक्याला हात लावून बसायचं. आबांना काही लागलं की ते खडूनं गोल करायचे, आम्ही पुन्हा घासायचं. काही लागलं नाही की म्हणायचे, "चढव रंग." हे दोन शब्द शेडमध्ये दुसरं कुणी बोलत नसे. आयटीआय करून मी कामाला लागलो तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. आबांनी एकदा बाजूला सरावं आणि म्हणावं, आज तू हात फिरव.

त्या वर्षी दसऱ्यानंतर लिंबाजीनं टेम्पोभर फायबर आणलं. नाक, बोनेट, दारं, मागचा डबा, आणि जमिनीपर्यंत ओघळत आलेली ती चार लांब मडगार्डं, सगळं जुन्या मंडपाच्या कापडात गुंडाळून. नवरदेवाला घोड्यावर बसवायचे दिवस गेले, आता लोकांना गाडी पाहिजे, आणि ती तुळशीच्या लग्नापर्यंत पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आबांनी एक मडगार्ड एका हातानं उचललं आणि हसले. "ही काय गाडी हाय का सूप?" म्हणाले.

सुपाचे ते रंग मग रोज दिसायला लागले. डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर लांब. दार लावलं की खाली फट, वर घासतंय. बोनेटची भोकं जीपच्या सांगाड्याशी जुळेनात. पत्र्याला आपण ठोकून, ओढून वळणावर आणतो. फायबरला जिथं जास्त तिथं कापायचं, जिथं कमी तिथं काचेची जाळी रेझीनमध्ये भिजवून थर चढवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. गारठा पडायला लागलेला, रेझीन लवकर धरेना. आबा चिडून म्हणायचे, "पत्रा ऐकतो बे. ह्ये ऐकतच न्हाई." दारांच्या फटी सारख्या दिसाव्यात म्हणून त्यांनी जुन्या चपलेच्या रबराचा एक तुकडा कापून ठेवला होता, तो फटीत सरकवून बघायचे. शेवटी शेवटी तो तुकडा त्यांच्या कानामागं असायचा.

आणि ती खाज. फायबर कापलं की त्याची धूळ उडते, धूळ कसली, काचेचे बारीक केस ते. बाह्या सुतळीनं बांधल्या, तोंडाला गमजा बांधला, तरी संध्याकाळपर्यंत मनगट, मान, कोपराची घडी पेटून उठायची. काटा असता तर दिसला असता, काढता आला असता. हे दिसत नाही, सापडत नाही, चोळलं की आणखी आत जातं. त्या हंगामात माझ्या मनात जे चाललं होतं तेही असंच होतं, म्हणून दोन्ही खाजा मला एकत्रच आठवतात.

पहिला दणका आबांनाच बसला. ह्याच डाव्या मडगार्डाच्या कडेला एक उंचवटा होता. आबांनी त्याच्यावरून हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला, आणि सवयीनं हातोडी उचलून एक ठोका दिला. पत्र्यावर जेवढा देतात तेवढाच. फायबरवर चांदणीसारख्या चिरा उमटल्या. पत्र्याच्या माणसाशिवाय ही चूक कोण करणार? आबांनी हातोडी खाली ठेवली, ती त्या गाडीसाठी पुन्हा उचलली नाही. मला वाटलं, म्हातारपण. मनात, खोटं कशाला सांगू, एक उकळीही फुटली. आता तरी माझा नंबर लागेल.

लागला, पण माझा नाही.

शीतल, माझी बायको, दुपारी डबा घेऊन यायची. बी.एस्सी. झालेली, शिक्षक भरतीची वाट बघत घरी अभ्यास करणारी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्या दिवशी मी चिरा भरून, पुट्टी लावून, सकाळपासून ते मडगार्ड घासत बसलो होतो. तिनं डबा पिंपावर ठेवला, आणि आधाराला म्हणून मडगार्डावर हात टेकला. मग तो हात जरा मागंपुढं केला.

"इथं उशी झालीय," म्हणाली.

मी हसलो. बीएस्सीला हे पण शिकवतात का, असं काहीतरी म्हणालो. पण आबांनी मान वर केली. मला खूण केली, काळा मार. मी मडगार्डावर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारला आणि सरळ फळीला पाणीपेपर लावून घासलं. उंच असतं तिथला काळा आधी निघतो. निघाला. बरोबर तिनं हात ठेवला होता तिथं, लहान उशीएवढा.

आबा तिला म्हणाले, "सूनबाई, उद्या जरा लवकर ये."

उद्याचा परवा झाला आणि मग रोजचंच झालं. डोक्यावरचा पदर घट्ट करून, दुसरं टोक कमरेला खोचून ती गाडीवर हात फिरवायची. आबा उपड्या पिंपावर बसायचे, डोळे मिटून. "कसं लागतंय?" विचारायचे. ती सांगायची. खळग्याला ती ओंजळ म्हणायची, फुगवट्याला उशी, आडव्या कंगोऱ्याला उंबरा. "आबा, इथं उंबरा हाय, त्याच्या पलीकडं ओंजळ." आबा डोळे न उघडता मान डोलवायचे. "किती खोल?" "पाणी थांबंल एवढी." "मग भरावं लागंल," आबा म्हणायचे, आणि भरायचं मी.

माझा तिळपापड व्हायचा. एवढी वर्षं मी ज्या माणसाची बोटं बघून काम शिकलो, त्यानं मला कधी विचारलं नाही, कसं लागतंय. आणि आता बोलायला बसले की थांबेनात. औरंगाबादच्या त्यांच्या उस्तादानं म्हणे त्यांना पहिला महिनाभर नुसत्या माठांवर हात फिरवायला लावला होता, डोळ्याला फडकं बांधून. कुठल्या माठाला कुंभारानं कुठं जास्त थापटलंय ते सांगायचं. ही गोष्ट माझ्या बापाची, आणि ती मी ऐकली बायकोकडून, जेवताना, तोंडात घास असताना.

बरं, जळायचं तरी एका बाजूनं असावं. माझं दोन्हीकडून पेटलेलं. आधी संध्याकाळी शीतल माझ्यापुढं पुस्तक घेऊन बसायची. मी प्रश्न विचारायचो, ती उत्तरं द्यायची, चुकली की चिडायची, आणि ते चिडणं मला लई आवडायचं. त्या हंगामात पुस्तक मिटलेलंच असायचं. ती अंगणात ज्वारी निवडत, आबा ओट्यावर, आणि दोघांच्या बोलण्यात गाडीच्या उजव्या दाराची फट. आबांवर जळावं की तिच्यावर, हेच मला ठरवता यायचं नाही. दोघांनी मिळून मला वेगळं टाकलं होतं आणि दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं.

लिंबाजी यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "भाकरी थापणारा हात हाय, त्याला कळणारच की." मायला, मला ह्याचाच राग यायचा. कारण तिची भाकरी मी खात होतो. परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे, कडा फाटायच्या. पीठच तिला मळता यायचं नाही, आजही येत नाही. आई गावाला गेली की पीठ मीच मळून द्यायचो. भाकरीचा हात असता तर मी समजून घेतलं असतं, की बाई लहानपणापासून थापतीय, आलं असेल त्यातून. पण तिचा तो हात कुठूनच आलेला नव्हता. कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचा हेवा करताना माणूस स्वतःला समजावू तरी शकतो. काहीच न करता आलेल्या गोष्टीपुढं काय करायचं?

आबा त्या दिवसांत मजेत होते, असं मला वाटायचं. चहाचा स्टीलचा पेला ते आधी गमज्यात धरायचे. त्या हंगामात तसाच उघड्या हातानं धरायला लागले, वाफा निघत असताना. मी म्हटलं, आबा, भाजंल. ते म्हणाले, "आमचा हात हाय ह्यो." मी मनात म्हटलं, सूनबाईपुढं रुबाब चाललाय.

शेवटचा दिवस आला. गाडी पूर्ण जुळून उभी होती. गन भरून माझ्या हातात होती. शीतलनं नाकापासून मागच्या टोकापर्यंत हात फिरवला. हे डावं मडगार्ड सगळ्यात शेवटी, त्याच्यावरून तिनं दोनदा फिरवला. म्हणाली, "आबा, काय न्हाई लागत."

आबा डोळे मिटूनच म्हणाले, "मग तूच म्हण."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिलाही जरा जड गेलं असावं, कारण आवाज लहान निघाला. "चढवा रंग," म्हणाली. जे दोन शब्द स्वतः म्हणायची मी तरणेपणापासून वाट बघत होतो, ते माझ्यापर्यंत आले ते हुकूम म्हणून, तेही बायकोच्या तोंडून. मी मारला रंग. इतका चांगला मी आधी कधी मारला नव्हता आणि नंतरही नाही. एक ओघळ नाही, एक कण नाही. जळणाऱ्या माणसाचा हात फार स्थिर असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिली वरात दिंद्रुडलाच होती. आम्ही तिघंही गेलतो. दोन्ही बाजूंना डोक्यावर लाइटं घेतलेल्या बायका, आणि त्या लाइटांची रेघ मडगार्डावरून सरळ, कुठंही न वाकता पुढं सरकत होती. लोक गाडीला हात लावून बघत होते. आबा एकेकाला सांगत होते, "सूनबाईचा हात हाय." मी शेजारीच उभा होतो. रंगाबद्दल कुणी विचारलं नाही.

परक्याचा मत्सर सोपा असतो. त्याला शिव्या देता येतात, त्याच्या वाईटाची वाट बघता येते. घरच्या माणसावर जळायचं म्हणजे फजिती. त्याच माणसाचा ताप उतरावा म्हणून उशाशी बसायचं, त्याचा निकाल लागला की पेढे वाटायचे, आणि खरंच आनंद होऊन वाटायचे. शीतलला नोकरी लागली, उमापूरच्या शाळेवर. मी पेढे वाटले. तिथं खोली केली तेव्हा गॅसची शेगडी मी खांद्यावरून नेली. आणि परत येताना एसटीत मनात पहिला विचार काय आला? की आता शेडमध्ये आबा आणि मीच.

पण आबा पिंपावरून उठलेच नाहीत. गाडी तयार झाली की मी बाजूला होऊन उभा राहायचो, ते माझ्याकडं न बघता म्हणायचे, "बघ तुझं तू." मला वाटायचं, तिच्या हातापुढं ह्यांना माझा हात बघायचासुद्धा नाही. असं म्हणत म्हणत एका उन्हाळ्यात आबा गेले. मी हात फिरवत राहिलो, पण तो हात मला कुणी दिलेला नव्हता. रिकाम्या खुर्चीवर बसल्यासारखं ते होतं.

लिंबाजी गाडी ठेवून गेला आणि मी मडगार्ड नीट करायला घेतलं. तुटलेल्या जागी आतून जाळी चढवली, वरून भरलं, घासलं. त्या शनिवारी शीतल नेहमीप्रमाणं उमापूरहून आली आणि पिशवी घेऊनच आधी शेडवर डोकावली. मी म्हटलं, "बघ बाई. तुझाच हात चालतो ह्याला."

बोलण्यातला खवचटपणा तिला कळला. ती गाडीला न शिवता पिंपावर बसली. "तुमी अजून तिथंच हाव का?" म्हणाली. मग म्हणाली, "आबांच्या बोटात जीव न्हवता राहिला."

मला कळेना.

"शुगरनं. बोटं बधिर झालती. मडगार्डावर हात फिरवला तर काय बी लागायचं न्हाई त्यान्ला. तो ठोका बी त्याच्यामुळंच बसला, हाताखाली पत्रा हाय का फायबर त्येच कळलं न्हाई. तापलेला पेला तसाच धरायचे, फोड यायचे हाताला. मीच मलम लावायला द्यायचे, आईन्ला बी ठाव न्हवतं."

मडगार्डावरचा माझा हात तसाच राहिला. मी विचारलं, "मग मला कावून न्हाई बोलावलं? माझा हात होता की."

"मी म्हणलं होतं त्यान्ला. ते म्हणले, पोरगं माझ्या हाताकडं बघून हात चालवतंय. माझा हात गेला म्हणून कळलं तर त्याचा बी जाईल. त्याला सांगू नको."

बाहेर बायपासवर ट्रॅक्टर चालले होते. एकाच्या ट्रॉलीतून दोन ऊस घसरून रस्त्यावर पडले, मागच्या मोटारसायकलवाल्यानं थांबून उचलले. मी ते सगळं नीट बघितलं, कारण तिच्याकडं बघायची माझी तयारी नव्हती. वाटलं होतं, असं काही कळलं तर छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. उलट नव्यानं पोटात दुखलं, आणि ह्या वेळी फार खोल. म्हणजे आबांचा हात गेला तेव्हाची त्यांची भीती, ते फोड, ते मलम, तेही तिलाच. माझ्या वाट्याला काय आलं, तर त्यांचा रुबाब. तेवढाच त्यांनी मला दाखवला.

मी हात धुतले, पुसले, डोळे मिटले. पिंपावरून आवाज आला, "कसं लागतंय?"

मला एवढी वर्षं कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. इथं सपाट हाय, इथं बी, इथं जरा उंबरा. तिनं उठून खडूनं गोल केला. मी घासलं, पुन्हा हात फिरवला. काही लागलं नाही. डोळे उघडून तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताव? तुमीच म्हणा."

शेडमध्ये दोघंच होतो. तरी मी म्हणालो, "चढव रंग," आणि गन मीच उचलली.

लिंबाजी गाडी घेऊन गेला, वरातही झाली असेल. हात आता माझा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या हंगामातले आबा शीतलकडं आहेत, आणि त्यांच्यावरून मी आजही तिच्यावर जळतो. ती ते मला थोडे थोडे देते, मागितले तरच.

काल रविवारी ती चुलीपुढं बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "आणखी काय म्हणायचे आबा?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी पीठ मळून द्या."

मी परात ओढली.